बर्फातल्या खारींचे फोटो: सराव नाशिकमध्येच करून जा

काका, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे गेल्या हिवाळ्यात तुम्ही आणि काकू मिनियापोलिसला मुलीकडे दोन महिने होतात, घरामागच्या अंगणात दिवसभर खारी यायच्या, अंधार पडता पडता एक ससा यायचा, हौसेने सातआठशे फोटो काढलेत, आणि नाशिकला आल्यावर मोठ्या स्क्रीनवर लावले तर बर्फ सगळा मळकट राखाडी, खार म्हणजे एक काळा डाग, निम्मे फोटो हललेले नाहीतर मऊ, म्हणजे अस्पष्ट, आलेले, वर एकदा लेन्सवर वाफ धरली ती दुसऱ्या दिवशी गेली. आता डिसेंबरात परत जाताय आणि विचारताय की १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स घ्यावी का.

नका घेऊ. तुमच्याकडची ७०-३०० मागच्या अंगणासाठी भरपूर झाली, त्यात तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, त्यामुळे ३०० ला तो साधारण ४५० सारखा दिसतो. तुम्ही जे जे बिघडलं म्हणून लिहिलंय त्यातलं एकही लेन्समुळे बिघडलेलं नाहीये. ते पैसे ठेवा, त्यातल्या थोड्याचे दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि चांगले हातमोजे घ्या.

मी गंगापूर रोडला राहते, वीसएक वर्षं झाली फोटो काढतेय, हिवाळ्यात जवळजवळ दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात असते. आणि माझी मोठी बहीण तुमच्या मुलीच्याच मिनेसोटा राज्यात असल्यामुळे तिच्याकडे तीन हिवाळे काढलेत, त्यातला एक तर नोव्हेंबर ते मार्च अख्खा. त्यामुळे हे सगळं त्या अंगणात उभं राहून बघितलेलं आहे. आणि तिथे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते इथे नाशिकमध्ये आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरच्या खारींनी शिकवलेलं, म्हणून माझा आग्रह आहे की तुम्ही सराव इथून करूनच निघा, तिथे गेल्यावर पहिले तीन आठवडे शिकण्यात घालवू नका.

आधी राखाडी बर्फ. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं काहीही बघितलं की धरून चालतं की हे सरासरी मध्यम राखाडी आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा ते खपून जातं कारण झाडं, माती, भिंती, माणसं सगळं मिळून तेवढंच भरतं. ताजा बर्फ पडणाऱ्या उजेडापैकी ८०-९० टक्के उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं केवढा हा उजेड, कमी करा, आणि ते सगळंच अंधारं करून टाकतं. बर्फ राखाडी होतो आणि आधीच करड्या रंगाची खार काळी पडते. याच्या उलटं तुम्ही इथे बघितलं असेल, निफाडकडे काळ्या मातीत काळी म्हैस उभी असते तिचा फोटो काढला की म्हैस राखाडी येते आणि आकाश पांढरंफट्ट, कारण तिथे मीटरला वाटतं अंधार आहे, वाढवा.

त्यामुळे बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करायचं सेटिंग, प्लसमध्ये न्यायचं. फ्रेममध्ये बर्फासोबत झाडांचे बुंधे, कुंपण वगैरे असेल तर प्लस एकपासून सुरू करा, बहुतेक बर्फच असेल तर प्लस दीड ते दोन. लोकांना भीती वाटते की एवढं वाढवलं तर बर्फ जळेल, म्हणजे पांढराफट्ट होऊन पोत जाईल, तर त्यासाठी हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं), बघायची सवय लावा, त्यातला डोंगर उजवीकडे सरकलेला हवा पण उजव्या भिंतीला चिकटून वर चढलेला नको. मागच्या स्क्रीनवर फोटो कसा दिसतोय त्यावर अजिबात जाऊ नका. बर्फाच्या चकाकीत डोळे बारीक झालेले असतात, त्यात स्क्रीन काळपट दिसते, आपण अजून वाढवतो आणि घरात येऊन बघतो तर सगळं उडालेलं. आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये बर्फाचा पोत एकदा गेला की गेला.

मी स्वतः तिथे मॅन्युअलवर जाते, म्हणजे सगळं सेटिंग हाताने करते. सकाळी कॅमेरा नुसत्या बर्फावर धरायचा, मीटरचा काटा प्लस पावणेदोनच्या आसपास येईपर्यंत सेटिंग करायचं आणि सोडून द्यायचं. मग खार बर्फावर आली काय, काळ्या बुंध्यावर चढली काय, तिच्यावर पडणारा उजेड तोच आहे त्यामुळे फोटो सारखाच येतो. ऊन-ढग बदलत असतील तेवढ्या दिवशी मात्र हे जमत नाही, तेव्हा आपलं कॉम्पेन्सेशनच बरं.

आता याचा सराव नाशिकमध्ये कसा करायचा ते सांगते, हा मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून करून घेते. गच्चीवर पांढरीशुभ्र चादर अंथरा, धुतलेलं धोतर असेल तर अजून छान, आणि त्यावर एक शेंडी असलेला नारळ ठेवा. तोच तुमची खार. रंग तसाच करडा-तपकिरी, वर तसेच केस. चादरीच्या सुरकुत्या उन्हात उठून दिसतात त्या म्हणजे बर्फाचा पोत. नारळाचा एकेक काथ्या दिसला पाहिजे आणि चादर पांढरी दिसली पाहिजे, पण सुरकुत्या गेल्या नाही पाहिजेत. हे तिन्ही एका फोटोत आलं की तुम्हाला बर्फ जमला. वेळ सकाळी नऊची ठेवा, किंवा दुपारी चारनंतरची. कारण नाशिक २० अक्षांशावर आणि मिनियापोलिस ४५ वर, डिसेंबरात तिथे भर दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो, आपल्याकडे तेवढा तो साधारण नऊलाच आलेला असतो. म्हणजे तिथलं दुपारचं ऊन हे आपलं कोवळं ऊन असतं दिवसभर. फोटोवाल्याला याहून मोठं सुख नाही, इथे आपण साडेनऊ-दहाला कॅमेरा बॅगेत टाकतो, तिथे ऊन पडलं की दिवसभर काढता येतात. फक्त दिवस छोटा, डिसेंबर अखेरीस पावणेनऊ तासांचा, पावणेआठच्या पुढे सूर्य उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो.

चादर-नारळ झाला की एक रविवार नांदूरमध्यमेश्वरला जा. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आणि आपल्यापासून तासाभरावर, तरी नाशिकचे कितीतरी लोक अजून गेलेले नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे बगळे, चमचा पक्षी काळपट पाण्यावर उभे असतात, तिथे बरोबर उलटं करावं लागतं, मायनसमध्ये जावं लागतं, नाहीतर पिसं जळतात. चादरीवरचा नारळ आणि पाण्यावरचा बगळा, दोन्ही एकाच आठवड्यात केलंत की प्लस कधी आणि मायनस कधी हे पाठ करावं लागत नाही, हातात बसतं. पहाटे सहाला निफाडच्या बाजूला जी थंडी असते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात ती, तिच्यात बोटांनी डायल फिरवायचीही सवय होते.

हललेल्या फोटोंबद्दल. तुम्ही पाठवलेली सेटिंग बघितली, शटर स्पीड १/२०० सेकंद आहे. खारीला ते पुरत नाही. खार बसलेली वाटते पण तिची शेपटी, मिशा, दातात फिरणारा दाणा सतत चाललेलं असतं. १/१००० च्या खाली जाऊ नका, उडी पाहिजे असेल तर १/२०००. बर्फावर ऊन असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ४०० ला १/१६०० आरामात मिळतो, ढगाळ असेल तर आयएसओ ८००-१६०० करा, काही होत नाही, फोटो थोडा दाणेदार आला तरी चालतो, हललेलं चालत नाही. आणि याचा सराव तुमच्या इंदिरानगरच्या भिंतीवर होतो. आपली पट्ट्यांची खार शंभर-सव्वाशे ग्रॅमची, तिथली करडी खार अर्ध्या किलोची. आपली जेवढी चपळ आणि अनिश्चित तेवढी ती नाही. आपली जमली तर तिथली जमणारच. खार धावताना मध्येच थांबते, मान वर करते, मग परत धावते. तो थांबण्याचा क्षण आधीच ओळखून बटण दाबायला शिकायचं, आणि ते बघून बघूनच येतं, दुसरा मार्ग नाही. रोज अर्धा तास, कॅमेरा न घेतासुद्धा, नुसते बसा.

तुम्ही अजून एक विचारलंत की मुलगी म्हणते आमच्याकडे आपल्यासारखी पट्टेवाली छोटी खारपण आहे, पण तुम्हाला एकदाही दिसली नाही. ती चिपमंक. ती उन्हाळ्यात-पावसाळ्यात गालाच्या पिशव्या भरभरून दाणे बिळात नेते आणि थंडीत आत झोपते, अधूनमधून उठून साठवलेलं खाते आणि परत झोपते. डिसेंबर-जानेवारीत तिची वाट बघण्यात दिवस घालवू नका, मार्चपर्यंत राहिलात तर दिसेल. करडी खार मात्र झोपत नाही. ती दाणे एकाच ठिकाणी न ठेवता अंगणभर एकेक करून पुरते आणि बर्फ उकरून काढते. नाकाला बर्फ लागलेली खार हा फोटो तिथेच मिळणार, इथे जन्मात नाही. तिचं घरटं शोधा, हिवाळ्यात पानं गेलेली असतात त्यामुळे उंच फांदीच्या बेचक्यात वाळक्या पानांचा मोठा गोळा लगेच दिसतो. कडक थंडीत ती लवकर खाली येत नाही, ऊन वर आलं की येते, त्यामुळे पहाटे गारठून उपयोग नाही. जानेवारीच्या सुमारास त्यांचा जोडीचा काळ असतो तेव्हा बुंध्याभोवती गरागरा पाठलाग चालतात, त्या दिवसांत १/२००० लावूनच बसा. आणि बर्फ पडत असताना ती शेपटी पाठीवरून डोक्यावर छत्रीसारखी घेते आणि खात बसते. माझ्याकडच्या तिथल्या सगळ्या फोटोंत मला सगळ्यात जवळचा तोच आहे.

ससा वेगळा. तिथल्या अंगणातला ससा थंडीत पांढरा होत नाही, तपकिरीच राहतो. पांढरा होणारा तो उत्तरेकडच्या जंगलातला मोठ्या पायांचा ससा, दिवस लहान व्हायला लागला की त्याचे केस बदलतात. अंगणातला ससा दिवसा झुडपाखाली किंवा लाकडी डेकच्या खाली दबून बसतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. तो कुठे येणार ते झुडपंच सांगतात, कोवळ्या काड्या सुरीने तिरक्या कापल्यासारख्या दिसल्या की ते सशाचे दात, आणि खाली गोल लेंड्या असतातच. ठशांवरूनही कळतं. ससा उडी मारतो तेव्हा मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, म्हणजे मोठे दोन ठसे ज्या दिशेला तिकडे तो गेला. खारीचंही तसंच, पण खारीचे पुढचे दोन छोटे ठसे शेजारीशेजारी असतात आणि सशाचे मागेपुढे. रात्री बर्फ पडून गेला की सकाळी चहा घेत खिडकीतून हे वाचायचं, कोण कुठून आलं, कुठे थांबलं, कुठून गेलं. दोनतीन दिवसांत रस्ते कळतात, मग कॅमेरा कुठे लावायचा हा प्रश्नच उरत नाही.

म्हणूनच एक विनंती, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, ज्या भागात फोटो काढायचाय त्या बर्फावर कुणी पाऊल टाकायचं नाही. सडा-रांगोळी झाल्यावर आपण कसे बाजूने जातो, तसं. एकदा बुटांचे ठसे उमटले की पुढचा बर्फ पडेपर्यंत प्रत्येक फोटोत ते दिसत राहतात. दाणे टाकायला एक कडेची वाट ठरवा आणि रोज तिथूनच जा.

जागा कुठली घ्यायची. तुम्ही वरच्या किचनच्या खिडकीतून खाली काढलेत, त्यामुळे सगळ्या खारींच्या पाठी आणि डोकी आलीत. प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीला उतरल्याशिवाय फोटोला जीव येत नाही, हे मी शंभर वेळा सांगते आणि शंभर वेळा सांगेन. तिथल्या घरांना बेसमेंट असतं आणि त्याच्या खिडक्या बऱ्याचदा जमिनीलगत असतात. तुमच्या मुलीकडे तशी खिडकी असेल तर तुम्ही उबेत खुर्चीवर बसून खारीच्या डोळ्यात डोळे घालून फोटो काढू शकता. काच आतून-बाहेरून पुसा, खोलीतले दिवे बंद, गडद कपडे, लेन्स काचेला जवळजवळ टेकवून आणि सरळ धरा, तिरकी नको, भोवती काळं कापड गुंडाळा. तिथल्या खिडक्या दुहेरी काचेच्या असतात त्यामुळे तिरकं काढलं की फोटो मऊ येतो.

आणि खिडकी उघडून काढू नका. पहिल्या हिवाळ्यात मी तेच केलं, काच नको म्हणून खिडकी उघडली आणि दोन तासांत काढलेला एकही फोटो शार्प नव्हता, मी लेन्स बिघडली समजून रडकुंडीला आले होते. झालं असं की घरातली गरम हवा खिडकीतून बाहेरच्या उणे पंधराच्या हवेत मिसळते आणि लेन्सच्या अगदी तोंडासमोर हवा थरथरते, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसते ना, तशीच. डोळ्याला कळत नाही, ३०० च्या लेन्सला कळतं. तुमचे "मऊ" आलेले फोटो बहुधा उघड्या खिडकीतले असणार, तारीख-वेळ लावून बघा.

याहून चांगली जागा म्हणजे गॅरेज, जर त्याचं दार अंगणाच्या बाजूला असेल आणि गॅरेज गरम करत नसतील तर. दार गुडघ्याएवढं वर करायचं, जमिनीवर जाड फोमची चटई, त्यावर पालथं पडायचं, कॅमेऱ्याखाली बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची छोटी भरलेली पिशवी. वारा लागत नाही, हवा आत-बाहेर एकाच तापमानाची, आणि प्राण्यांना तुम्ही दिसत नाही. बीन बॅग इथून रिकामी न्या, तिथे गेल्यावर तांदूळ भरा, विमानात वजन वाया घालवू नका.

मागची बाजू बघा. पांढऱ्या प्लास्टिकच्या कुंपणापुढची खार कधीच छान दिसत नाही. एक जुना ओंडका किंवा वाकडी फांदी अशा ठिकाणी ठेवा की मागे पाचसहा मीटरवर गडद झाडं येतील, दाणे ओंडक्याच्या मागच्या खाचेत लपवा म्हणजे फोटोत दिसत नाहीत आणि खार चढून येते. सूर्य प्राण्याच्या मागून येईल असंही एकदा बसून बघा. एवढ्या खालच्या सूर्याचं ऊन शेपटीच्या प्रत्येक केसातून येतं आणि खालचा बर्फ तोच उजेड परत पोटाकडे-तोंडाकडे फेकतो, जो इथे आपल्याला थर्माकोल धरून आणावा लागतो. सावल्या निळ्या दिसतील, त्या निळ्याच असतात कारण सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो. एडिट करताना त्या निळ्याचा थोडा तरी ठेवा, सगळा काढला की थंडी निघून जाते फोटोतून. फ्लॅश वापरू नका, गरज नाही आणि प्राणी दचकतात.

बर्फ पडत असताना काढायचं असेल तर ऑटोफोकस जवळच्या भुरभुरीवर जातो, तेव्हा एकच फोकस पॉइंट निवडून प्राण्याच्या डोळ्यावर ठेवा. १/५०० च्या वर कण गोठलेले ठिपके दिसतात, १/१२५ ला रेघा होतात, ससा स्तब्ध बसला असेल तर रेघा फार सुंदर दिसतात.

आता वाफेचं. पावसाळ्यात इगतपुरीला एसी गाडीतून उतरल्याउतरल्या लेन्सवर धुकं धरतं, तेच हे, फक्त कितीतरी पट जास्त. गार झालेल्या कॅमेऱ्यावर घरातल्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते, वरून पुसता येते, आत गेली की नाही. उपाय फुकटचा आहे. घरात शिरण्याआधी, बाहेरच, मेमरी कार्ड काढून खिशात घ्या, कॅमेरा लेन्ससकट मोठ्या झिप लॉकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. मग आत या. पाणी पिशवीच्या बाहेरून धरेल. दोन तास उघडायची नाही, कितीही उत्सुकता असली तरी. कार्ड आधीच काढलेलं असल्यामुळे फोटो बघता येतात. आणि लेन्सवर बर्फाचा कण पडला तर तोंडाने फुंकर मारू नका, श्वास तिथेच गोठतो, मऊ ब्रश ठेवा. व्ह्यूफाइंडरशी श्वास नाकाखालच्या मफलरमध्ये सोडायची सवय लावा.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, इथे सहाशे फोटो देणारी तिथे दीडदोनशेत संपल्यासारखी दाखवते. ती मेलेली नसते, आतल्या खिशात ऊब दिली की परत थोडी चालते. दोन जास्तीच्या शर्टाच्या खिशात ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. विमानात त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत. मोबाइलचं तर विचारूच नका, तो उणे पंधराला बोलता बोलता बंद पडतो. काकूंना मोबाइलवर काढायचे असतील तर घरातून काचेआडून काढू देत, बर्फावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवायची, एवढं केलं तरी फरक पडतो.

तब्येतीचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, पण ते वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. तुम्ही लिहिलंय शुगर आहे. शुगर असली की पायाच्या बोटांची जाणीव कमी असू शकते, थंडीने बोट बधिर झालंय हे कळतच नाही. उणे वीस आणि वर वारा असेल तर उघडी कातडी बघता बघता गोठायला लागते. दहा-पंधरा मिनिटं बाहेर, मग आत, आत आल्यावर मोजे काढून बोटं डोळ्यांनी बघायची. कपड्यांचे दोन पातळ थर आणि वर एक जाड, आतला सुती नको कारण घाम धरून ठेवतो. आत पातळ हातमोजे आणि वर मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे जाड मोजे. ताज्या बर्फाखाली काचेसारखा कडक बर्फ असतो, बुटांना लावायचे दातेरी पट्टे मिळतात ते मुलीला आधीच मागवायला सांगा. धातूचा ट्रायपॉड असेल तर पायांना फोम गुंडाळा, उघड्या हाताने धरवत नाही.

राहिलं खाण्याचं. काकू रोज चिवडा आणि उरलेली पोळी टाकायच्या असं लिहिलंत. प्रेमाने टाकायच्या हे मला कळतं, माझी आईपण टाकायची. पण मीठ, तेल, मसाला त्या जिवांसाठी बरा नाही आणि पोळी-ब्रेडने नुसतं पोट भरतं. टरफलासकट, बिनमिठाचे शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या काळ्या बिया, मूठभर, रोज एकाच वेळी, उरलेलं संध्याकाळी उचलायचं नाहीतर उंदीर येतात. आधी मुलीला विचारा की त्यांच्या शहरात खायला टाकायला चालतं का, प्रत्येक गावाचे नियम वेगळे आहेत, आणि हरणं येत असतील तर तिथे जास्त कडक असतात. सशाला काही टाकू नका, त्याला काड्या आणि साली पुरतात. आणि पाठलाग कुणाचाच करायचा नाही. थंडीत त्यांनी खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यात जातं, तुमच्यामुळे तो एकदा पळाला की ती ताकद त्याला परत कमवावी लागते. खार शेपटी झटके देऊन हलवायला लागली, खाणं थांबवलं, ससा दगडासारखा बसून कान मागे टाकून राहिला, की तुम्ही फार जवळ गेलात. मागे व्हा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की बाबा आलेत, ते खारींचे फोटो काढतात. त्यांच्या खिडकीच्या दिशेने रोज लेन्स रोखलेली कुणाला आवडेल.

निघायला तुमच्याकडे सात आठवडे आहेत. या रविवारी चादर आणि नारळ, सकाळी नऊला, प्लस शून्य, प्लस एक, प्लस दीड, प्लस दोन असे चार फोटो काढा आणि चारही मला पाठवा, हिस्टोग्रामसकट. बघून सांगते कुठला बरोबर आलाय. मग भिंतीवरच्या खारीकडे वळू.